गुरुवारचे चौदा किलोमीटर

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतरी पुढे कळणारच आहे. पेट्रोल पंपावर गेले की मी गाडीतून खाली उतरते, मीटर शून्यावर आलंय का ते स्वतः बघते, आणि पंपावरचा माणूस "काय ताई, पाऊस काय म्हणतो?" असं विचारायला लागला की मीटरवरची नजर मुळीच हलवत नाही. पाऊस काय म्हणतो ते पावसाला विचार! गोड बोलणाऱ्याला आपली नजर दुसरीकडे हवी असते, असं माझं ठाम मत आहे. ते बदलावं असं आयुष्यात एकदाच घडलं, आणि तेव्हाही ते पुरतं बदललं नाही.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. आम्ही नवीन पनवेलला राहायचो, सेक्टरातल्या बैठ्या घरात. घरात माणसं तीन: मी, माझा नवरा आणि माझे सासरे. नवऱ्याला समोर मी 'अहो' म्हणते, पण लिहिताना नवराच बरा. तो तळोज्याच्या एका कारखान्यात होता, आणि त्याची सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असायची. मी पनवेल गावातल्या सरकारी कचेरीत कारकून. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा निवृत्त एसटी ड्रायव्हर. तीस वर्षं लाल गाडी चालवली, घाटातून, कोकणातून, यात्रेच्या गर्दीतून, आणि एकदाही कुठे साधी घासली नाही. त्याबद्दल त्यांना एक पितळी बिल्ला मिळाला होता, 'विना अपघात' असं कोरलेला. तो ते खाकी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, शर्टाच्या खिशावर लावायचे. एरवी गुडघ्यांमुळे वाकून चालणारे आबा त्या दिवशी ताठ असायचे.

गाडीचं वेड मात्र माझं. मी एकोणिसाव्या वर्षी गाडी शिकले, तेव्हा त्या मोटार स्कूलमध्ये मी एकटीच मुलगी होते आणि शिकवणारे मास्तर माझ्यापेक्षा स्वतःच्या ब्रेकवर जास्त विश्वास ठेवून होते. लग्न झाल्यावर आठ वर्षं आम्ही पै-पै साठवली. नवीन गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची, हे मला मान्य नव्हतं. म्हणून जुनी घ्यायची ठरवली आणि मग मी पनवेलपासून उरणपर्यंत गाड्या बघत हिंडले. त्या काळी जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण ती डॉक्टरांची आहे म्हणून सांगायचा. आमच्या भागात खरोखर एवढे डॉक्टर असते तर कुणी आजारीच पडलं नसतं! मी पर्समध्ये लोहचुंबक ठेवायची. पत्र्यावर फिरवायचा, जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबीची पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. खाडीकडची गाडी असली तर पायाखालचं रबर उचलून बघायचं, कारण खारं वारं गाडी खालून खातं आणि मालक वरून रंग देतो. सतरा गाड्या नाकारल्या. नवरा म्हणाला, "तू स्थळं बघताना एवढं बघितलं असतंस तर माझं लग्नच झालं नसतं." मी म्हटलं, "तेव्हा चुंबक नव्हता माझ्याकडे."

अठरावी गाडी घेतली. पांढरी, स्टिअरिंगला गिअर असलेली, दणकट. घेतली म्हणजे वापरायची असं थोडंच असतं? आमची गाडी फक्त रविवारी बाहेर निघायची. कचेरीत मी बसनंच जायची. सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. रेल्वेच्या फाटकात उभं राहावं लागलं की इंजिन बंद. उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची, तेवढंच पेट्रोल वाचतं. यावरून माझं आणि आबांचं दर वेळी वाजायचं. ते मागच्या सीटवरून म्हणायचे, "सूनबाई, उताराला गाडी गिअरमध्ये हवी. गाडी सोडायची नसते, धरायची असते." मी म्हणायची, "आबा, तुमच्या डिझेलचे पैसे सरकार देत होतं." मग ते खिडकीबाहेर बघायला लागायचे. मी जिंकले असं मला वाटायचं.

गाडीच्या पेट्रोलच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. मी वेताची एक छडी घेतली होती, तिच्यावर खुणा कोरल्या होत्या. दर रविवारी गाडी लावली की छडी टाकीत घालायची, ओली कुठपर्यंत होते ते बघायचं आणि वहीत लिहायचं. शेजारी किलोमीटरचा आकडा. शेजारणी हसायच्या. हसू देत! दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, आणि माझं तोंड तर दुकानदारांनी, कंत्राटदारांनी, रद्दीवाल्यांनी सगळ्यांनीच पोळलेलं.

आता नवऱ्याचं. त्याला गाडी येत नव्हती. मी शिकवायला गेले होते, एकदाच, घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर. अर्ध्या तासात मी त्याला इतकं बोलले की काय सांगू. "क्लच आहे तो, पायपुसणं नाही!" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. चौथ्यांदा इंजिन बंद पडल्यावर त्यानं शांतपणे किल्ली माझ्या हातात दिली आणि तो चालत घरी गेला. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणाला. मी ती पायपुसण्याची गोष्ट पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगितली. लोक पोट धरून हसायचे, तोही हसायचा.

मग त्या वर्षीच्या मे महिन्यात, नवऱ्यानं मुद्दाम रजा काढलेल्या एका रविवारी, उरणहून परत येताना माझ्या पोटात कळ आली. साधीसुधी नाही, ॲपेंडिक्सची. भर दुपार, रस्ता ओसाड, मी स्टिअरिंगवर वाकलेली, डोळ्यांपुढे अंधारी. नवरा शेजारी बसून रुमालानं माझा घाम पुसत होता. "थांबव गं, बाजूला घे, कुणाला तरी थांबवतो मी," तो म्हणत होता. मी म्हटलं, "परक्याच्या हातात गाडी देऊ? आणि तुमच्या हातात दिली तर दोघंही जाऊ!" मी तशीच पनवेलपर्यंत गाडी आणली, दवाखान्याच्या दारात लावली, हँडब्रेक ओढला आणि मग शुद्ध हरपली. ऑपरेशन झालं. भेटायला आलेल्यांना मी खाटेवरून सांगायची, "हे शेजारी बसून घाम पुसत होते. दुसरं काय करणार बिचारे!" सगळे हसले. तो खिडकीशी उभा होता. त्या वेळी तो हसला की नाही, ते मी बघितलं नाही.

जूनमध्ये मी बरी होऊन पुन्हा कामावर जायला लागले. जुलैच्या एका रविवारी गाडी बाहेर काढण्याआधी वही उघडली आणि बघते तर किलोमीटरचा आकडा जुळेना. चौदा जास्त. मला वाटलं, मागच्या वेळी लिहिताना चुकलं असेल. पुढच्या रविवारी पुन्हा चौदा जास्त. कुणीतरी माझी गाडी नेत होतं आणि परत आणून जागच्या जागी ठेवत होतं.

मी लगेच छडी काढली. म्हटलं, पेट्रोल किती गेलं ते तरी बघू. छडी टाकीत घातली, बाहेर काढली, आणि बघतच राहिले. पेट्रोल कमी नव्हतं. खुणेच्या वर, बोटभर जास्तच होतं.

पेट्रोल चोरणारा चोर मला समजतो. पेट्रोल टाकणारा चोर कुठे असतो? कुणीही सरळ माणूस इथे म्हणाला असता, असेल बाई कुणी भला. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो रॉकेलचा. कुणीतरी माझं पेट्रोल काढून रॉकेल मिसळून ठेवतंय! मी रबरी नळीनं थोडं पेट्रोल वाटीत काढलं, कागदावर थेंब टाकला आणि वाट बघत बसले. रॉकेल असेल तर कागदावर तेलकट डाग राहतो. डाग राहिला नाही. कागद स्वच्छ. पेट्रोल अस्सल. तेव्हा तर मी जास्तच घाबरले. भेसळ असती तर निदान कळलं असतं, की त्याला काय हवंय.

आबांना विचारलं. ते दिवसभर घरीच असायचे. "गाडी? कोण नेणार गाडी?" ते म्हणाले आणि पेपर जरा वर धरला. "मी बसलोय ना इथे." त्यांच्यावर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, आबा, आता स्टिअरिंग नको. आणि ते "बरं" म्हणाले होते. आबांचं 'बरं' म्हणजे दगडावरची रेघ. आणि नवऱ्याला तर गाडी येतच नव्हती. दुसरी किल्ली देव्हाऱ्यामागे खिळ्याला होती, ती तिथेच होती. म्हणजे कुणीतरी तिसरी किल्ली बनवली. किल्ली बाहेरच्या कुणाच्या हातात गेली होती? तर फक्त मिस्त्रीच्या.

मिस्त्रीचं गॅरेज जुन्या पनवेलमध्ये होतं. वयस्क मुसलमान गृहस्थ, दाढी पांढरी, हात कायम काळे. माझी गाडी तेच बघायचे. जूनमध्ये कार्बोरेटर साफ करायला गाडी दिली होती ती दिवसभर त्यांच्याकडे होती. गाडी त्यांच्याकडे देण्याआधी मी प्रत्येक पार्टला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवायची, म्हणजे कुणी बदलला तर कळावा. ठिपके सगळे जागेवर मिळाले होते. पण ठिपके किल्लीला नव्हते!

मी सरळ जाऊन उभी राहिले. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाईकं होती, त्यांच्यादेखत विचारलं, "माझ्या गाडीची किल्ली कुणाला करून दिलीत?"

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. हात पुसत राहिले. "भाभी, किल्ली सकाळी तुम्ही दिली, शामको मी दिली. मध्ये ती माझ्या खिशात होती."

"खिशात होती तेव्हाच तर विचारतेय."

"माझ्यावर शक आहे?"

"मला सगळ्यांवरच आहे," मी म्हटलं. हे मी अभिमानानं म्हटलं, त्याची आता लाज वाटते.

ते पुन्हा गाडीखाली गेले, फक्त जाताना म्हणाले, "आजपासून दुसरा मेकॅनिक बघा. माझी इज्जत एवढ्याच पत्र्याच्या शेडमध्ये आहे." मी घरी येऊन सांगितलं, की मिस्त्री चिडला, म्हणजे नक्की तोच. चोराच्या मनात चांदणं. आबांच्या हातातला घास थांबला. नवरा उठून पाणी प्यायला गेला. मी तेही बघितलं, पण त्याचा अर्थ मी असा लावला, की दोघंही काहीतरी लपवताहेत. आणि मग जेवणावरची वासनाच उडाली. चोर बाहेरचा आहे की घरात कुणी माझ्याशी खोटं बोलतंय, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. दोन्हींपैकी काय बरं, तेही ठरवता येत नव्हतं. मी जाहीर करून टाकलं, "ज्यानं कुणी गाडी नेली असेल तो सापडू दे. घरातला निघाला तर गाडी विकून टाकीन. मला पुन्हा या घरात कुणापासून काही जपायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी मागच्या चाकावर आणि खालच्या लादीवर खडूनं एकच उभी रेघ मारायला लागले. गाडी हलली तर दोन्ही रेघा जुळणार नाहीत. सोमवारी जुळल्या. मंगळवारी, बुधवारी जुळल्या. गुरुवारी संध्याकाळी खाली वाकून बघितलं, तर चाकावरची रेघ भलतीकडे होती.

पुढच्या गुरुवारी मी नेहमीसारखी डबा घेऊन निघाले, कचेरीत अर्धी रजा टाकली आणि दुपारी परत येऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीत बसले. जवळ काहीतरी निमित्त हवं म्हणून वाटेत दोन किलो गहू घेतले होते. गहू दळून झाले, गिरणीवाल्यानं "पीठ न्या" म्हणून दोनदा सांगितलं, तरी मी बसलेलीच. अडीचच्या सुमारास माझी पांढरी गाडी गल्लीतून बाहेर आली. स्टिअरिंगवर आबा. शेजारी नवरा.

पीठ तिथेच टाकून मी रस्त्यावर धावले. रिक्षा थांबवली. "त्या गाडीच्या मागे चला."

रिक्षावाला जवळच्या सुकापूर गावचा होता. "ताई, कोन हाय त्यात?"

"माझीच गाडी आहे."

"मंग तुमी रिक्षात कशाला?"

"तुम्हाला काय करायचंय? चला!"

संताप, संताप झाला होता नुसता. आबांचं 'बरं'! दगडावरची रेघ म्हणे! वर ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं गाडी चालवताहेत, आणि हा शेजारी बसून वारा खातोय. आपण आठ वर्षं पोटाला चिमटा घेतला तो कुणाच्या सहलींसाठी? दोघांना कुठे गाठायचं, काय काय बोलायचं, सगळं मी मनात जुळवत होते. एक मात्र कबूल करायला हवं: आबा गाडी फार छान चालवत होते. नेरे गावाच्या रस्त्याला उतार लागला तिथे त्यांनी ती गिअरमध्येच धरली.

नेऱ्याच्या अलीकडे मुरुमाचं एक मोकळं मैदान होतं, पलीकडे भाताची शेतं आणि मध्ये दगडी बांध. गाडी तिथे वळली. मी रिक्षा रस्त्यावरच उभी केली आणि बांधाजवळच्या एका आंब्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. आबा खाली उतरले. नवरा उतरला. आणि दोघांनी जागा बदलल्या.

माझा नवरा माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला. गाडी निघाली, एकही गचका न देता. मैदानाला एक फेरी, दुसरी फेरी. तो गिअर टाकत होता, काढत होता. आबा मध्यभागी उभे राहून नुसते हातानं दाखवत होते, अजून, अजून, आता हळू. एकदा इंजिन बंद पडलं. मी आंब्यामागे दातओठ खाल्ले. आबा काहीच बोलले नाहीत. ते तिथेच उभे राहून आकाशाकडे बघत राहिले, त्यानं पुन्हा चालू करेपर्यंत.

मग गाडी मागे घ्यायचा धडा सुरू झाला. आबांनी खिशातून कंडक्टरची शिट्टी काढली आणि एसटी फलाटाला लावताना वाजवतात तशी ते वाजवायला लागले. छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे येऊ दे. लांब शिट्टी म्हणजे थांब. येऊ दे, येऊ दे, येऊ दे. आणि मग लांब शिट्टी. नवऱ्याचा पाय ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला. काच फुटल्याचा आवाज मला आंब्यापर्यंत ऐकू आला.

तो बाहेर आला, मागचा दिवा बघितला, पत्र्याला पडलेला खड्डा बघितला आणि बांधावर डोकं धरून बसला. चाळिशी गाठलेला माणूस. "आबा, तिला मी आता काय सांगू? पुढच्या महिन्यात सांगणार होतो. पुन्हा कधी तिला तसं गाडी चालवत यावं लागू नये, एवढंच हवं होतं मला."

आबा गुडघ्यावर हात टेकून त्याच्या शेजारी बसले. "तू काही सांगायचं नाहीस. गाडी मी आणली, मी ठोकली. मला हौस आली, झालं."

"आणि तुमचा बिल्ला?"

"बिल्ला लाल गाडीचा आहे. ही कुठं लाल आहे?"

मी तिथून पुढे गेले नाही. उरणच्या रस्त्यावर मी त्याला काय म्हटलं होतं, खाटेवरून लोकांना काय सांगितलं होतं, ते सगळं त्या आंब्याखाली मला ऐकू आलं. मी परत येऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रिक्षा वळवली. गिरणीतून पीठ घेतलं आणि रोजच्या वेळेपर्यंत बाजारात उगाच फिरत राहिले.

संध्याकाळी घरी आले तर आबा दारातच उभे होते. हात मागे बांधलेले. "सूनबाई, गाडी मी नेली होती. दर गुरुवारी मीच नेतो. पेट्रोल टाकून ठेवत होतो. आज मागं घेताना ठोकली."

नवरा भिंतीकडे बघत उभा होता. "आबा..." तो म्हणाला. "तू मध्ये बोलू नको," आबा म्हणाले.

आता मी काय करायचं होतं? गप्प बसले असते तर दोघांना लगेच संशय आला असता. मी आणि गाडी ठोकल्यावर गप्प? म्हणून मी ओरडले. डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून ओरडले, शब्द मोडला म्हणून ओरडले, मिस्त्रीवर नाही तो आळ आला म्हणून ओरडले, आणि ते सगळं आबा मान खाली घालून ऐकत राहिले. तीस वर्षं ज्या माणसाला कुणा वरिष्ठानं एक शब्द बोलायची वेळ आली नव्हती, त्याला मी त्याच्याच घराच्या उंबऱ्यात उभं करून झापलं, गाडी त्यानं ठोकलेली नाही हे पक्कं माहीत असताना. शेवटी माझाच आवाज फुटला आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. कांदे नव्हते चिरायला, नाहीतर त्यांच्यावर ढकललं असतं. गाडी विकायचं मी पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या कुणीही काढलं नाही.

मिस्त्रींकडे मी स्वतः गेले. त्यांनी मला भर उन्हात तासभर उभं ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. गिऱ्हाईकं होती, त्यांच्यादेखतच मी म्हटलं, "माझं चुकलं. किल्ली घरातच होती." त्यांनी फुटलेला दिवा बघितला. "कोणी ठोकली?"

"सासऱ्यांनी."

"आबांनी?" मिस्त्री हसले. "भाभी, हे मला नका सांगू." पण पुढे विचारलं नाही. भंगारातल्या गाडीचा जुना दिवा शोधून बसवून दिला. त्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावायला मी गेले नाही.

दसरा आला. सकाळी गाडी धुतली, दारात रांगोळी, झेंडूचा हार, चाकांना हळदकुंकू, पुढे लिंबू. नवऱ्यानं नारळ आणला. आबा आंघोळ करून आले, पांढरा शर्ट घातलेला. खिसा रिकामा. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या खिशावर बिल्ला नव्हता. ते वाकूनच चालत आले आणि गाडीच्या मागच्या बाजूला, त्या खड्ड्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी आत गेले. कपाट उघडलं, खाकी रुमाल काढला, बिल्ला चिंचेनं घासला आणि बाहेर आणून त्यांच्यापुढे धरला.

"तो नको आता," आबा हलकेच म्हणाले. "गाडी ठोकली मी, सूनबाई."

"बिल्ला लाल गाडीचा आहे, आबा," मी म्हटलं. "ही कुठं लाल आहे?"

आबांनी झटकन वर बघितलं. नवऱ्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. कुणी काही बोलायच्या आत मीच पुढे होऊन बिल्ला त्यांच्या खिशावर लावला. पिन दोनदा चुकली.

"तू होतीस तिथं?" नवऱ्यानं विचारलं.

"आंब्यामागे."

"मग त्या दिवशी एवढी ओरडलीस ती?"

आबा एक हात खिशावर ठेवून उभे होते, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. "ओरडायलाच हवं होतं तिनं," ते म्हणाले. "नाहीतर तिला सगळं ठाऊक आहे हे मला कळलं असतं."

मी पदराच्या गाठीतून किल्ली सोडली आणि नवऱ्यापुढे धरली. "नेऱ्यापर्यंत जाऊन येऊ. चालवा तुम्ही." आबा मागच्या सीटवर बसले, ताठ. त्या प्लॉटवरच्या अर्ध्या तासानंतर मी पहिल्यांदाच डाव्या बाजूचं दार उघडून आत बसले, आणि उतार येईपर्यंत तोंड मिटून होते.